पाळणा कोठे बांधावा?

गेवराई तालुक्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते ते राक्षसभुवनामुळे. १७६३ च्या ऑगस्ट महिन्यात गोदावरीच्या काठी तेथे निजामाच्या फौजेचा मोड झाला, विठ्ठल सुंदर रणात पडला आणि तरुण माधवराव पेशव्यांचा दरारा बसला, ही हकीकत शाळेच्या पुस्तकातून पुष्कळांनी पाठ केली असेल. याच तालुक्याच्या पश्चिम अंगास, शेवगाव-पाथर्डीच्या बाजूस, चकलांबा हे गाव आहे. त्याच्या वाट्यास असे एखादे रणांगण आलेले नाही. परंतु ज्या इतिहासाकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तो लिहावयाचा तर अशाच एखाद्या गावापासून आरंभ केला पाहिजे. तो इतिहास पाळण्याचा आहे. घरात अंगावर पिणारे किंवा नुकतेच पाऊल टाकू लागलेले मूल आहे आणि आईस कामावर गेल्यावाचून गत्यंतर नाही, अशा कुटुंबास हात द्यावयाचा तो कोणी, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे कोठे, या प्रश्नाचा गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्राने कसकसा विचार केला, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

सुशिक्षित घरांत या विषयाची गोष्ट निघाली की एक उसासा हमखास ऐकू येतो. पूर्वी असे प्रश्नच नव्हते. घरात आजी असे, आत्या असे, काकू असे. मूल कोणाच्या कडेवर वाढले ते कळतही नसे. या बोलण्यात जेवढे खरे आहे तेवढे मान्य करण्यास आमची हरकत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल, बाळंतिणीस सव्वा महिना चुलीपाशी न येऊ देण्याचा निर्बंध, शेकशेगडी, तेलपाणी, अळीव, डिंक, खारीक-खोबरे, बाळंतशोपा, या सर्वांच्या मुळाशी काही एक शहाणपण होते. विटाळाच्या नावाखाली का होईना, त्या सव्वा महिन्यात बाळंतिणीस अंग टेकावयास मिळे. परंतु ही व्यवस्था वाड्याची होती. ज्या घरात आजची ज्वारी आजच्या मजुरीतून यावयाची, त्या घरात बाळंतीण सव्वा महिना बसली तर बाकीच्यांनी खावे काय? तेथे दहाव्या-बाराव्या दिवशी खुरपे हातात येई. बांधावरच्या बाभळीस जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाई आणि तिला झोका देण्यास सहा-सात वर्षांची बहीण बसे. आजी घरी नसे, कारण आजीही त्याच वावरात खुरपीत असे. ज्या आजीच्या आठवणीने आपण हळवे होतो, ती आजी गावातील प्रत्येक नातवंडाच्या नशिबी कधीच नव्हती.

दुसरीही एक गोष्ट या उसाशात विसरली जाते. पाचव्या दिवशी सटवाई पुजावयाची, त्या रात्री जागे राहावयाचे आणि मूल दृष्टीआड होऊ द्यावयाचे नाही, ही चाल मराठवाड्यात घरोघर होती व पुष्कळ ठिकाणी अद्यापही आहे. सटवाई त्या रात्री ललाटरेषा लिहिते अशी समजूत. आम्हांस या चालीत भक्तीइतकेच भयही दिसते, आणि ते भय निराधार नव्हते. नाळ विळ्याने कापावयाची व वर राख किंवा शेण लावावयाचे, असा प्रघात जेथे होता तेथे धनुर्वाताने मूल दगावण्याचे दिवस हेच असत, तिसऱ्यापासून पुढले. जन्मले तेव्हा नीट रडणारे, नीट चोखणारे मूल पाचव्या-सहाव्या दिवशी जबडा मिटून बसे. हे का होते ते ठाऊक नसलेल्या आयांनी त्या रात्रीवर एक देवता नेमून दिली, याबद्दल त्यांस हसण्याचे कारण नाही. नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून आटोक्यात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले ते २०१५ साली. म्हणजे ज्या सोन्याच्या काळासाठी उसासा टाकावयाचा, त्या काळातील पाळणे पुष्कळदा रिकामे होत असत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने जो अहवाल दिला त्यात हजार जन्मांमागे १६२ बालके वर्षाच्या आत मरतात असा आकडा आहे.

घराबाहेरच्या समाजाने पाळण्याकडे प्रथम पाहिले ते पोरक्या मुलांच्या निमित्ताने. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले; १८७५ मध्ये पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम सुरू झाला; १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी धनकवडीस उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविला. ही कामे मोठ्या धैर्याची होती आणि त्यांचे वर्णन इतरत्र झालेले असल्याने येथे विस्तार करीत नाही. आमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध एवढाच की ती आईवाचून उरलेल्या मुलाची सोय होती. आई जिवंत आहे, तिला मूल हवे आहे, पण तिचे दोन्ही हात कामात गुंतले आहेत, हा प्रसंग समाजाच्या ध्यानात येण्यास मुंबईच्या गिरण्या उभ्या राहाव्या लागल्या.

गिरणीत बाभळीचे झाड नव्हते. झोळी बांधावयाची ती यंत्रांच्या घरघरीत, कापसाच्या उडत्या तंतूंत. नाहीतर मूल खोलीवर ठेवून जावयाचे. दहा-दहा तास मूल निजून राहावे यासाठी जो उपाय होता तो अफूचा. बाळगोळी या गोंडस नावाने ती मिळे. १९२२ च्या सुमारास डॉक्टर बार्न्स या बाईंनी सरकारच्या वतीने गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा या स्त्रियांच्या शेकडा ९८ तान्ह्या मुलांस अफू दिली जाते असे त्यांनी नमूद केले. त्या आया निर्दय होत्या असे कोणास वाटत असेल तर त्याने एवढाच विचार करावा की शंभरांतील अठ्ठ्याण्णव आया एकाच वेळी निर्दय कशा होतील?

त्याच सुमाराचा मुंबईचा बालमृत्यूचा आकडा पाहिला म्हणजे मन थरारते. १९२१ साली नोंदलेल्या हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक मृत्यू! तीन मुलांतील दोन. परंतु इतिहास वाचणाऱ्याने आकड्यासही उलटतपासणी केली पाहिजे. गिरणीतील बाई बाळंतपणास कोकणात किंवा घाटावर गावी जाई. मुलाचा जन्म तिकडच्या दप्तरात मांडला जाई. दोन-तीन महिन्यांचे मूल घेऊन ती मुंबईस परत येई, आणि मूल गेले तर मृत्यू मुंबईच्या दप्तरात. जन्म एका गावी व मरण दुसऱ्या गावी अशी ही नोंद असल्यामुळे मुंबईचा आकडा फुगत असे. आकडा फुगलेला होता म्हणून दुःख कमी होते असे मात्र नव्हे. ते कोणत्या गावच्या नावे मांडावयाचे, एवढाच वाद. जन्माची नोंद एकीकडे आणि मुलाचे हाल दुसरीकडे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. चकलांब्याकडे परत आल्यावर तिचे पुन्हा काम पडणार आहे.

मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी प्रसूतीच्या साहाय्याचे विधेयक आणले आणि जुलै १९२८ मध्ये त्यावर वाद झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागे आईस विसावा मिळणे यात राष्ट्राचे हित आहे आणि म्हणून त्याचा पुष्कळसा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा, तथापि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकासही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. १९२९ साली कायदा झाला. प्रसूतीच्या वेळी काही आठवड्यांची रजा आणि त्या दिवसांचे रोज आठ आणे, एवढे तो देई. देशातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा. पण सरकारने भार उचलावा ही गोष्ट राहून गेली आणि सर्व बोजा मालकावर पडला. त्याचा परिणाम जो व्हावयाचा तो झाला. पुढल्या काही दशकांत गिरण्यांतील स्त्रियांची संख्या उतरत गेली. त्याला इतर कारणेही होती, रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रे. परंतु जिच्यासाठी खर्च करावा लागतो तिला कामावर न घेणे हा हिशेब मालकास कोणी शिकवावा लागत नाही.

या सर्व काळात चकलांबा होते निजामाच्या राज्यात. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुंबईच्या कायदेमंडळाने जे केले त्यास गोदावरीच्या या काठी अंमल नव्हता. असता तरी उपयोग काय होता? कायदा गिरणीचा, आणि येथे होते वावर. कारखान्याच्या भिंतीत पाळणा बांधून देण्याची बुद्धी सरकारास १९२९ नंतर हळूहळू झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया जेथे कामास असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. भिंतच नसेल तेथे काय करावयाचे, याचा विचार दुसऱ्याच कोणी तरी केला, आणि तो मुंबईपासून फार दूर नव्हे.

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. ताराबाईंचे नाव तोवर बालशिक्षणात सर्वश्रुत झाले होते. भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता. अनुताई त्या वेळी पस्तिशीच्या, बालविधवा, स्वतःच्या जिद्दीवर शिकलेल्या. शहरात चालणाऱ्या बालमंदिरात स्वच्छ कपड्यांची मुले वेळेवर येतात. बोर्डीच्या वाड्यापाड्यांवरील मुले येईनात. ती का येत नाहीत यावर एखाद्याने पालकांच्या अज्ञानाचा निबंध लिहिला असता. या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. कोणाच्या तरी अंगणात मुलांस गोळा करावयाचे, प्रथम त्यांची तोंडे धुवावयाची, केस विंचरावयाचे, मग गाणी, खेळ, खडे, पाने, शिंपले. अंगणात भरते ती अंगणवाडी. या साध्या शब्दात एक मोठा पालट साठविलेला आहे. मुलाने संस्थेकडे यावयाचे ही अट त्यात काढून टाकलेली आहे.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे दुसरा एक अनुभव पदरी पडला. शाळेत मुली येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. तीच आमच्या बांधावरची, झोळीस झोका देणारी सहा-सात वर्षांची बहीण! कोसबाडला पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवून विकासवाडी काढण्यात आली. बहिणीने येताना तान्ह्यास पाळणाघरात द्यावे, मधल्यास बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात बसावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली. आमच्या मते महाराष्ट्रातील बालसंगोपनाच्या इतिहासात याहून मोलाचे पान नाही. तान्ह्या मुलाची सोय ही केवळ त्या मुलाची सोय नसते, तिच्यात आईची मजुरी असते आणि थोरल्या बहिणीची अक्षरओळखही असते, हे येथे पुस्तकावरून नव्हे तर हजेरीपटावरून सिद्ध झाले.

बीडच्या भूमीवर कामाच्या जागी पाळणा आला तो दुष्काळाच्या वाटेने. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते मिलो ज्वारी आणि सुकडी हे दोन शब्द अजून विसरलेले नाहीत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडावयाची, पाझर तलावाची माती वाहावयाची, आणि त्यात स्त्रियांची संख्या मोठी. कामावर बाई आली म्हणजे मूल आलेच. त्या अनुभवातून रोजगार हमीची योजना वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि कामावर पिण्याचे पाणी व आडोसा यांच्या जोडीने लहान मुलांची सोयही करावयाची असे ठरले. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यातही सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर आली असतील तर त्यांच्या देखरेखीसाठी एका स्त्रीस नेमून तिला तीच मजुरी द्यावी असे कलम होते. ही पाळणाघरे कागदावर जितकी होती तितकी कामावर दिसली नाहीत, हे लपविण्यात अर्थ नाही. तरीही या कलमाचे मोल आम्ही कमी मानीत नाही. उघड्या रानात काम करणाऱ्या बाईचे मूल ही तिची एकटीची अडचण नसून कामाचाच एक भाग आहे, हे सरकारने लेखी कबूल केले होते.

याच दशकात आणखी दोन गोष्टी घडल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी ही तिची पहिली ठिकाणे. योजनेच्या केंद्रास नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातील मराठी शब्द काश्मीरपासून केरळापर्यंत गेला याचा आम्हांस अभिमान आहे; मात्र शब्द गेला तसा त्यातील अर्थ सगळा गेला नाही याची खंतही आहे. अंगणवाडी दिवसातून थोडे तास उघडते. पूरक आहार, लसीकरण, तपासणी, शाळापूर्व शिक्षण यांची तेथे व्यवस्था असते. परंतु तीन वर्षांखालील मुलाचा आहार बहुधा पुडक्यांतून घरी न्यावयाचा असतो. आई वावरातून दिवेलागणीस परतेल तोवर तान्हे मूल सांभाळणे हे तिचे काम ठरलेलेच नव्हते. शिवाय जिच्या भरवशावर हे सारे चालते त्या सेविकेस पगार नाही, मानधन आहे. मान आणि धन हे दोन शब्द जोडून दोन्हींत काटकसर करण्याची ही युक्ती कोणाची, कोण जाणे.

दुसरी गोष्ट बीडच्या शेजारची. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडास डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले. त्या भागात हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. दवाखाना काढून रोग्याची वाट पाहण्याने हा आकडा हलणार नाही हे त्यांनी ओळखले आणि गावोगावच्या, बहुधा निरक्षर, पुष्कळशा दलित समाजातील बायांस शिकवून आरोग्यसेविका केले. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हाती गावातल्या बाळंतिणी आल्या. पाणी, धान्य आणि जातीचा ताठा या तिन्हींकडे एकदम लक्ष दिल्यावाचून मूल जगत नाही, ही जामखेडची शिकवण. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हाच धागा नवजात बालकापर्यंत नेला. बाळंतीण आणि मूल झोपडीतून बाहेर पडत नाहीत, तर उपचाराने झोपडीत जावे. १९९५ पासून ३९ गावांत शिकविलेल्या आरोग्यदूत घरोघर जाऊन मुलाचे वजन, श्वास, ऊब पाहू लागल्या, आणि तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने उतरले. १९९९ मध्ये हे वृत्त लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात आले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात, त्याचे मूळ हे. आमच्या जुन्या सव्वा महिन्याशी हे बेचाळीस दिवस किती जवळून जुळतात! पण या वेळी शेगडीच्या जोडीला तापमापक आहे, आणि ती भेट वाड्यालाही आहे व झोपडीलाही.

एवढे सर्व झाल्यावर चकलांब्याच्या मुलाचे आता काय अडते, असे वाचक विचारतील. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, अंगणवाडी आहे, आशाताई आहेत. अडते ते असे की दसरा-दिवाळी झाली म्हणजे मूलच गावात राहत नाही.

बीड हा ऊसतोडणी कामगारांचा जिल्हा आहे. १९५० च्या सुमारास प्रवराकाठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया पडला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहिले आणि त्यांस तोडणीसाठी मजूर लागले ते या कोरड्या तालुक्यांनी पुरविले. मुकादम पावसाळ्यात उचल देतो. ती उचल नवऱ्याच्या नावे मांडली जाते, पण तिच्यात मोजलेला असतो तो कोयता; आणि कोयता म्हणजे नवराबायको दोघे मिळून. बैलगाडीवर, टायरगाडीवर किंवा नुसत्या डोक्यावर मोळ्या वाहून हे लोक पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर आणि कर्नाटकातही राबतात. पहाटे अंधारात फडात उतरावयाचे. पुरुषाने तोडावयाचे, बाईने पाचट सोलून मोळी बांधावयाची व डोक्यावरून वाहनापर्यंत न्यावयाची. राहणे कोपीत. एखादा दिवस काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. अशा कोयत्याच्या बाईस मूल झाले तर सव्वा महिना कोण देणार? मूल पाचटावर अंथरलेल्या गोधडीवर असते, किंवा ट्रॉलीच्या सावलीत, किंवा पुन्हा त्याच सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर. उसात साप असतात, कोठे कोठे बिबट्याही असतो, आणि वाहने मागे-पुढे होत असतात.

गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे जे प्रकरण २०१९ मध्ये बीडमध्ये उघडकीस आले, ते याच हिशेबाचे शेवटचे टोक. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. २०२५ मध्ये जिल्ह्याच्या पाहणीतील जे आकडे प्रसिद्ध झाले त्यांवरून, त्या हंगामात दीड हजारावर गरोदर स्त्रिया तोडणीस गेल्या होत्या. गिरणीमालकाने १९२९ नंतर बाईच कमी केली. येथे बाई कमी करता येत नाही, म्हणून तिच्यातील आईपण कमी करण्याची वेळ तिच्यावर आली, असे म्हटले तर फार कठोर होईल काय?

कायद्याकडे पाहावे तर तो या बाईस ओळखतच नव्हता. कारखाना कायद्याचे पाळणाघर धुराड्याच्या आवारात. ही बाई आवाराबाहेर. प्रसूतीच्या रजेचा कायदा १९६१ मध्ये देशभर आला, २०१७ मध्ये ती रजा २६ आठवड्यांची झाली. पण रजा मागावयाची कोणाकडे? कारखाना म्हणतो ती मुकादमाची, मुकादम म्हणतो ती नवऱ्याबरोबर आलेली. उघड्या शेतात पाळणा बांधणे कायद्यास अशक्य होते असेही नाही. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांत, जेथे पन्नासाहून अधिक स्त्रिया असत तेथे, पाळणाघर बंधनकारक केले होते. चहाचे पान खुडणाऱ्या बाईस जे मिळाले ते त्याच चहात पडणाऱ्या साखरेचा ऊस तोडणाऱ्या बाईस मिळाले नाही. दोन्ही पिकेच, दोन्ही नगदी. भेद एवढाच की मळ्यास एक मालक असतो आणि उसाचे फड रोज बदलतात.

सरकार व संस्था स्वस्थ बसल्या आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. अलीकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहे निघाली आहेत. ही सोय चांगलीच आहे. पण वसतिगृहात राहते ते शाळेचे मूल. आठ महिन्यांच्या मुलास वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईच्या अंगावर पिते. थोरली मुले सुटली, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्याबरोबर तान्ह्यास सांभाळणारी बहीणही गेली, ही या सुधारणेची एक न मोजलेली बाजू आहे. बहीण शाळेत गेली हे उत्तमच. मग झोळीपाशी कोण, हे कोसबाडने विचारले होते तसे येथे कोणी तरी विचारावयास हवे होते.

साधा हिशेब करून पाहू. हंगाम पाच महिन्यांचा धरला तरी वर्षाच्या मुलाचे निम्म्याजवळ आयुष्य फडावर जाते. जन्मापासून तीन वर्षे होईतो छत्तीस महिन्यांपैकी पंधरा. याच काळात मेंदू व हाडे जी वाढावयाची ती वाढतात. लसींचे दिवस याच काळात येतात. वरचे अन्न याच काळात सुरू होते. लस चुकते कारण लसीचे पत्रक एका गावचे व मूल दुसऱ्या गावी. आहाराचे पुडके चकलांब्यास येते आणि मूल असते कृष्णाकाठी. शंभर वर्षांपूर्वी गिरणीवाल्या बाईच्या मुलाचा जन्म कोकणात मांडला जाई व मरण मुंबईत. तसाच हा प्रकार. स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांची नोंद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचविण्याची पद्धत राज्याने अलीकडे सुरू केली आहे, आणि तिचा कित्ता नीट गिरविला गेला तर पत्रकाचा प्रश्न सुटू शकेल. पत्रक पोचल्यावर मुलास मांडीवर घेणारी बाई तेथे हवी, हा प्रश्न त्यानंतरचा.

ती बाई कोठून आणावयाची यासाठी फार दूर जावयास नको. टोळीत एखादी वयस्कर बाई असतेच, जिला आता मोळी उचलवत नाही. रोजगार हमीच्या कायद्याने सांगितले तसे तिला कोयत्याच्या बरोबरीने मजुरी द्यावी, जामखेडने केले तसे तिला चार गोष्टी शिकवाव्या, आणि दहा-बारा मुले तिच्याजवळ फडाच्या इतक्या जवळ असावीत की आईस मध्ये एकदा येऊन पाजता यावे. पैशाचेही अडू नये. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी उसाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारने द्यावे असे ठरलेले आहे. भार कोणी उचलावा याविषयी १९२८ मध्ये जे बोलले गेले, त्याच्याशी ही विभागणी बरीच जुळती आहे. टनाचा हिशेब ठेवणारा काटा प्रत्येक कारखान्याच्या दारात असतो.

दुसरा एक काटा चकलांब्यासारख्या प्रत्येक गावच्या अंगणवाडीत असतो. गुढीपाडव्याच्या आगेमागे टोळ्या परत येऊ लागल्या म्हणजे सेविका घरोघर जाऊन मुले बोलावते. कोणी जाताना रांगत होते, आता चालते. कोणी जाताना चालत होते, आता कडेवरून उतरत नाही. एकेकास काट्यावर घेतले जाते आणि वजन मांडले जाते. आश्विनातील आकड्यानंतर एकदम चैत्रातील आकडा येतो. मधले पाच रकाने कोरे असतात.